थार थंडीत तापतच नव्हती: द्वारकेजवळच्या बिनपाटीच्या गॅरेजचा अनुभव

आधीच सांगतो, या गॅरेजला पाटी नाहीये त्यामुळे नाव विचारू नका. नाशिकला द्वारकेवरून पुणे रोडला लागलं की आतल्या एका गल्लीत पत्र्याचं शेड आहे, बाहेर दोन मेलेल्या मेजर जीपा आणि एक अर्मडा गवतात उभी आहे, सगळे त्याला चाचाचं गॅरेज म्हणतात. एवढ्यावर सापडतं. मला सापडायला दोन हिवाळे लागले ती गोष्ट वेगळी.

माझी गाडी म्हणजे २०१६ ची थार, सीआरडीई, अडीच लिटरचं डिझेल, फोर बाय फोर. आणि तक्रार अशी की गाडी गरमच होत नाही. लोकांच्या गाड्या हीट मारतात, बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभे असतात, आणि मी गॅरेजमध्ये जाऊन सांगतोय की दादा माझी गाडी तापत नाही. ही काय तक्रार आहे का असं मला दोन ठिकाणी तोंडावर हसून विचारलंय.

सासरवाडी निफाडकडची, द्राक्षबाग आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महाराष्ट्रात थंडी पडली की पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा छापून येतो ना, ते हेच निफाड. डिसेंबरात पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात मण्यांना तडे जाऊ नये म्हणून, आणि मी पहाटे साडेपाचला नाशिकवरून निघतो मदतीला (म्हणजे चहा प्यायला). तर आडगाव गेलं, चांदोरी आलं, निफाड आलं, तरी टेम्परेचरचा काटा खालच्या रेघेवरून उठायलाच तयार नाही. हीटर फुल करून ठेवला तर कोमट वारा, तोंडाने फुंकर मारल्यासारखा. मागे पांढरा धूर, डोळ्याला झोंबणारा, आणि इंजिनाचा आवाज ट्रॅक्टरसारखा टकटक. लिटरला बारा देणारी गाडी नऊ द्यायला लागली. सगळ्यात बेकार म्हणजे डिपस्टिक काढली तर ऑईल वरच्या खुणेच्याही वर आलेलं आणि त्याला डिझेलचा वास. मी तर खूश झालो होतो की माझी गाडी ऑईल खात नाही उलट देतेय. नंतर कळलं की थंड इंजिनात नीट न जळलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली उतरतं आणि ऑईल पातळ करतं. हे असंच चालवत राहिलं की बेअरिंगची वाट लागते.

पहिल्या हिवाळ्यात एका मोठ्या वर्कशॉपला नेली, एसी वेटिंग रूम, कॉफीचं मशीन वगैरे. त्यांनी कॉम्प्युटर लावला, टेम्परेचर सेन्सर बदलला, कूलंट टॉपअप केलं, गाडी चकाचक धुवून दिली आणि बिल हातात ठेवलं. काटा होता तिथेच. परत गेलो तर म्हणे सर आता दुपारी बघा ना, नॉर्मलला आहे. दुपारी दोनला मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभी केली तर कुठलीही गाडी नॉर्मलला येईल. दुसऱ्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने तर विषयच संपवला, "डिझेल आहे, थंडीत थंडच राहणार."

आता यात अर्धं खरं आहे म्हणून तर माणूस फसतो. डिझेल इंजिन आयडलिंगला फार कमी इंधन जाळतं, आणि पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल त्या अर्थाने नसतो त्यामुळे गार हवा मात्र पोटभर घेत राहतं. म्हणून सकाळी सोसायटीत पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवून शेजाऱ्यांना धूर पाजण्यात काही अर्थ नाही, अर्धा-एक मिनिट थांबायचं आणि हळूहळू चालवत न्यायची, तीच लवकर तापते. पण चाळीस किलोमीटर चालवूनही काटा उठत नसेल तर तो डिझेलचा स्वभाव नाही, तो बिघाड आहे.

मी शहाणा तशीच गाडी घेऊन फेब्रुवारीत हिमाचलमधल्या स्पितीला गेलो. कुंझुमचा घाट बंद असतो त्या दिवसांत, म्हणून शिमला, रेकाँग पिओ, नाको असं किन्नौरच्या बाजूने. ताबोच्या पुढे बायकोने पाय स्लीपिंग बॅगेत घातले आणि गाडीत बसली, बोलली काहीच नाही, ते जास्त वाईट होतं. काझाला एका लोकल ड्रायव्हरने बोनेट उघडून पाच मिनिटं बघितलं आणि बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा रेडिएटरच्या पुढे खोचून दिला, अर्ध्या भागाला. तिकडे ट्रकवाले सर्रास असं करतात, पुठ्ठा नाहीतर ताडपत्री. काटा पहिल्यांदा पावच्या वर आला! तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की रेडिएटरला गरज नसताना पाणी जातंय, पण मी आपला पुठ्ठ्याचे फोटो काढत बसलो. (पुठ्ठा लावलात तर मोठ्या चढाला नजर काट्यावर ठेवा आणि खाली उबेत आलात की काढून टाका, विसरलात तर उलटी तक्रार घेऊन याल.)

याच्यात अजून एक गोंधळ लोक करतात, डिझेल गोठणं आणि इंजिन थंड राहणं. दोन्ही वेगळं. खूप थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर चोक होतो आणि गाडी बंद पडते किंवा चालूच होत नाही, त्याच्यासाठीच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ डिग्रीपर्यंत वाहतं राहणारं विंटर डिझेल काढलं. माझी गाडी चालू व्हायची, पळायची, फक्त तापायची नाही.

मार्च आला, ऊन पडलं आणि मी सगळं विसरलो. माणसाचं असंच असतं, उन्हाळ्यात स्वेटर आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा वॉल्व) कोणाला आठवत नाही.

दुसऱ्या डिसेंबरात परत तेच, आणि तेव्हा ऑफरोडिंगच्या ग्रुपमधल्या एकाने चाचाकडे पाठवलं. आता खरा रिव्ह्यू इथून.

गेलो तेव्हा चाचा एका महिंद्राच्या गिअरबॉक्ससमोर पाटावर बसले होते, आंघोळ घालायला बाळ घेऊन बसावं तसे. वय पासष्टच्या पुढे असेल. गाडीकडे बघितलं पण नाही, आधी विचारलं, "कसारा उतरताना काटा पडतो का?" मी म्हटलं हो, एकदम खाली. "आणि भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये?" तिथे येतो वर, जवळजवळ नॉर्मलला. "इगतपुरीचा चढ?" थोडा चढतो. चाचा हसले, म्हणाले, "कळलं, पण हात लावल्याशिवाय बोलणार नाही. गाडी इथे ठेवा रात्रभर, सकाळी सातला या. चालू करायची नाही कोणी."

हे तीन प्रश्न मला कॉम्प्युटर लावणाऱ्याने विचारले नव्हते. घाट उतरताना गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिन इंधन घेतच नाही, म्हणजे उष्णता तयार होत नाही, आणि समोरून गार वारा रेडिएटरवर. थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो रेडिएटरचा रस्ता बंद करून आतली ऊब आत ठेवतो, काटा फार हलत नाही. काटा ढासळत असेल तर दार उघडं आहे समजायचं. सेन्सर मेला असता तर तो घाट, चढ, ट्रॅफिक असा भेदभाव करत बसला नसता.

सकाळी सातला गेलो, अंगावर शाल घेऊन चाचा तयार. मी पण माझं हत्यार नेलं होतं, ऑनलाइन बाराशेला घेतलेली ती इन्फ्रारेड थर्मामीटरची गन, लाल ठिपका मारला की टेम्परेचर दाखवते ती. चाचांनी आधी थंड गाडीत रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघितलं, काठोकाठ. कारण पाणी कमी असेल तर सेन्सर हवेत लटकतो आणि काटा खोटं बोलतो, इंजिन जळत असताना थंड दाखवू शकतो, म्हणून ते पहिलं. मग पंखा हाताने फिरवला. पंख्याचा व्हिस्कस क्लच (गरज असेल तेव्हाच पंखा जोरात फिरवणारा भाग) जाम झाला असेल तर पंखा सतत जोरात फिरतो, सकाळी विमानासारखा आवाज येतो आणि इंजिन गार पडतं. आमचा ठीक होता.

मग गाडी चालू केली आणि चाचांनी इंजिनातून रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या होज पाईपवर हात ठेवला. तसाच ठेवला. नाडी बघावी तसा. नियम असा की इंजिन चांगलं तापेपर्यंत हा पाईप गारच राहिला पाहिजे, आणि वॉल्व उघडला की एका मिनिटात हात भाजेल इतका गरम झाला पाहिजे. आमचा चौथ्या-पाचव्या मिनिटालाच कोमट व्हायला लागला, इंजिनाबरोबर हातात हात घालून, आणि रेडिएटरची वरची टाकी पण. माझा हात ओढून त्यांनी तिथे ठेवला, "बघा, इंजिनाला अजून अंगावर घ्यायला पांघरूण नाही आणि हे रेडिएटरला देतंय."

वीसेक मिनिटांनी मी गन काढली आणि पाईपच्या तोंडाशी जी अ‍ॅल्युमिनियमची टोपी असते तिच्यावर ठिपका मारला. २८ डिग्री. चाचांनी त्याच टोपीला बोट लावून झटकन मागे घेतलं, "अठ्ठावीसला चटका बसतो का भाऊ?" त्यांच्या हाताखालचं पोरगं हसायला लागलं. मग त्यांनी वायरिंगची काळी टेप तोडून टोपीवर चिकटवली, दोन मिनिटं थांबले, आता मारा म्हणाले. ५४. तर गनचा रिव्ह्यू पण इथेच उरकतो: वस्तू चांगली आहे, बाराशेला वाईट नाही, पण चकचकीत धातूवर साफ खोटं बोलते कारण तो स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूची परतवतो. रबरी पाईपवर, काळ्या रंगावर, टेपवर बरोबर. बॉक्समधल्या कागदावर हे कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरात होतं म्हणा.

टेपवर ५४, बोर्डवरचा काटा खालच्या रेघेच्या जरा वर, म्हणजे काटा खरं सांगत होता आणि मी उगाच सेन्सर बदलून घेतला होता. शेवटी हीटरचे दोन पाईप धरून बघितले, दोन्ही सारखेच कोमट. एक गरम आणि एक गार असता तर आत हवा अडकलीये किंवा हीटरची जाळी चोक आहे असं निघालं असतं. एवढं सगळं झाल्यावर पान्हा हातात घेतला. पाऊण तास होऊन गेला होता तोपर्यंत, एकही नट ढिला न करता.

टोपी उघडली आणि आत काहीच नाही. थर्मोस्टॅट अडकलेला, गंजलेला, तुटलेला असेल म्हणून आम्ही वाकून बघतोय आणि आत नुसतं भोक, कडेने लाल सिलिकॉन फासलेलं. चाचांनी बोट आत घालून गोल फिरवलं आणि म्हणाले, "वॉल्व चोरीला गेला."

मग मला आठवलं. पहिल्या हिवाळ्याच्या आधीच्या एप्रिलमध्ये गाडी कसाऱ्याच्या चढाला हीट झाली होती, रस्त्यातच एका गॅरेजला दाखवली, त्याने तासाभरात "वॉल्व साफ केला, आता होणार नाही" म्हणून पाचशे घेतले. साफ केला म्हणजे उडवलाच होता. हा आपल्याकडचा जुना इलाज आहे, गाडी हीट मारते ना, मग काढा वॉल्व आणि द्या फेकून, उन्हाळा निघतो. गंमत अशी की काही इंजिनांत हा वॉल्व उघडताना बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारा रस्ता बंद करत असतो, तोच काढला तर पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि गाडी थंडीत थंड आणि मे महिन्यात गरम अशी दोन्हीकडून मारते.

मी म्हटलं मग नवीन टाका आणि संपवा. इथे मला हा माणूस आवडला. म्हणाले, "टाकतो, पण तेव्हा हीट का झाली होती ते कोणी बघितलं? आज वॉल्व टाकला तर मे महिन्यात मला शिव्या देत याल." ग्रिल काढली, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारला. कित्येक पावसाळ्यांचा चिखल. इगतपुरीकडे भातखाचरांच्या बाजूने आम्ही ज्या उड्या मारतो त्याचा सगळा हिशोब तिथे जमा होता, वाळून वीट झालेला, पातींच्या मध्ये घट्ट. बाहेरून दर आठवड्याला वॉशिंग करत होतो त्याने तो अजून आत बसला. चाचांनी रेडिएटर खाली उतरवला आणि साध्या नळाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने बाहेर असा धुतला, प्रेशर गन लावू दिली नाही, पाती वाकतात म्हणून. अर्धा तास नुसतं लाल पाणी वाहत होतं.

वॉल्व दोन मागवले. आता बघा, चहाचं पातेलं घासून घेतलं (घासलं असं ते म्हणाले), पाणी भरून गॅसवर ठेवलं, दोन्ही वॉल्व दोऱ्याने बांधून सळीला लटकवले म्हणजे बुडाला टेकणार नाहीत, आणि डेअरीत असतो तो काचेचा थर्मामीटर सोडला. एक स्वस्तातला होता तो तर उजेडाकडे धरल्यावर गारच असताना फटीतून प्रकाश दिसत होता, तो तिथेच बाद. दुसऱ्यावर ८२ कोरलेलं, आणि पारा ऐंशीच्या पुढे गेला की पितळेची ती चकती हळूच उचलायला लागली, नव्वदच्या पुढे चांगली फट पडली. नवीन पार्ट पण तपासून घालणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. आणि मला उगाच काझा आठवलं, तिथे साडेतीन हजार मीटरच्या वर उघड्या पातेल्यात पाणी अठ्ठ्याऐंशीच्या आसपासच उकळून जातं, तिथे हा प्रयोग अर्धवटच राहिला असता.

बसवताना वॉल्ववरची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवली, तिथून हवा निघते. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. जुन्या पाण्यात कूलंट नावालाच होतं, नळाचंच पाणी जास्त, म्हणजे स्पितीला उणे पंधरामध्ये पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटला नाही हे आमचं नशीब. गाडीचं नाक चढावर ठेवून, हीटर फुल करून हवा काढली. ऑईल आणि फिल्टर पण बदलायला लावलं, डिझेल मिसळलेलं ऑईल ठेवायचं नाही म्हणून.

खर्च: वॉल्व साडेआठशे, पॅकिंग आणि दोन क्लिपा दीडशे, कूलंट आणि पाणी मिळून अकराशेच्या घरात, मजुरी बाराशे रेडिएटर धुण्यासकट. ऑईल-फिल्टर वेगळं. माझा तो बिनकामाचा सेन्सर आणि वॉशिंगचं बिल याच्यापेक्षा जास्त होतं.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं की लोकांना वाटतं पुतण्या आहे. तीन दिवस लागले, सांगितला होता एक. फोन उचलत नाहीत, उचलला तर पोरगं "चाचा नमाजला गेलेत" म्हणून ठेवून देतं, दिवसातून कधीही. बिल म्हणजे सिगरेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला आकडे. बसायला टायर. सीटवर ग्रीसचा पंजा उमटला होता तो अजून गेलेला नाही. आणि पोराने खालच्या होजची क्लिप अशी लावली की स्क्रू चेसिसच्या बाजूला, दुसऱ्या दिवशी थेंब थेंब गळायला लागलं, परत जाऊन फिरवून घ्यावी लागली. चाचांनी पोराला माझ्यासमोर झापलं, पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. त्याच पातेल्यातला.

रिझल्ट म्हणाल तर परवा सकाळी निफाडला गेलो, बाहेर सात डिग्री, आडगावच्या आसपास काटा जागेवर आणि हीटर इतका गरम की बायकोने बंद करायला सांगितला. त्याच्या आधीच्या आठवड्यात मुंबईला जाताना कसारा उतरलो, पूर्ण घाटात काट्याकडे बघत होतो (बघू नये एवढं), काडीएवढाच हलला. धूर गेला, टकटक कमी झाली, ॲव्हरेज साडेअकरा. मे महिना अजून बघायचाय, तेव्हा हीट झाली तर इथेच येऊन लिहीन.

शुक्रवारी दुपारी बंद असतं. कॅश न्या. आणि अशी तक्रार असेल तर गाडी आदल्या रात्रीच सोडा, सकाळी घरून चालवत गरम करून नेलीत तर चाचा बोनेटला उलटा हात लावून बघतात आणि उद्या या म्हणून परत पाठवतात.